शाळेची गल्ली अर्धा तास बंद ठेवण्याविषयीच्या एका संदेशाला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीने आठवडाभरापासून आपल्या दुसरीतल्या मुलाला आजोबांबरोबर चालत शाळेत पाठवणे बंद केले आहे. शाळा घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर आहे, तरी आता ती त्याला स्कूटरवरून थेट फाटकाशी सोडते. कारण विचारले, तेव्हा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "दादा, हे वाच की जरा."

शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शाळेची गल्ली वाहनांना बंद ठेवावी, अशी विनंती पोलिसांना करण्याचे त्यांच्या पालकसभेत ठरले होते. तेवढ्यावरून कोणीतरी लांबलचक संदेश लिहिला आणि तो सोलापुरातल्या निम्म्या गटांत फिरला. त्याचे म्हणणे असे, की गाड्या बंद झाल्या की मुले पायी जातील आणि मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या तावडीत सापडतील, रुग्णवाहिका अडकतील, गर्दी शेजारच्या गल्लीत जाईल, दुकानदार बुडतील, आणि मुळात सार्वजनिक रस्ता असा बंद करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

टोळ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण माझ्या बहिणीला घाबरवले ते त्यानेच. संदेशात ना पोलीस ठाण्याचे नाव आहे, ना तारीख. "टोळ्या फिरत आहेत" एवढेच आहे. अशाच अफवांपायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले होते. त्यांतील बहुतेक जण आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. निदान सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी असला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी बोट आवरायला हवे होते.

आणि शाळेच्या दारात मुलांना खरा धोका कोणाचा असतो, हे पाहायला शाळा सुटताना तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरते. परवा मी उभा होतो. दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या, मध्ये रिक्षा, आणि एक मोठी चारचाकी मागे सरत होती. भाच्याच्या हातून पाण्याची बाटली निसटून घरंगळत तिच्या चाकाखाली गेली. ती उचलायला तो वाकणार, एवढ्यात मी त्याचे दप्तर धरून त्याला मागे ओढले. बाटलीचा चुरा झाला. चालकाला काही कळलेही नाही, कारण मागच्या काचेतून एवढे ठेंगणे मूल दिसतच नाही. तो चालकही पालकच होता, आपल्या मुलीला न्यायला आलेला.

गर्दी शेजारच्या गल्लीत जाईल, या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो. काही गाड्या तिकडे नक्कीच वळतील. परंतु स्कॉटलंडमधील एडिनबरा नेपिअर विद्यापीठाने २०२० साली ठिकठिकाणच्या अशा प्रयोगांवरील अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात या सरकलेल्या वाहतुकीमुळे सुरक्षिततेचा म्हणण्यासारखा प्रश्न उभा राहिल्याचे दिसले नाही. उलट बंद रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते मिळून वाहनांची एकूण संख्या जवळजवळ सर्वत्र घटल्याचे आढळले, कारण काही कुटुंबांनी गाडी काढणेच सोडले. आपल्याकडचे पदपथ टपऱ्या आणि दुचाकींनी भरलेले असतात, हा फरक मात्र मोठा आहे. ते मोकळे न करता नुसती गल्ली बंद केली, तर मुले तेवढी जोडरस्त्यावर येतील. लांबून रिक्षाने येणाऱ्या मुलांसाठी उतरण्याची जागा आणि ज्या मुलांना चालता येत नाही त्यांच्या वाहनाला सूट, या दोन्ही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील.

बाकीच्या मुद्द्यांसाठी फार शाई खर्चण्याचे कारण नाही. रुग्णवाहिका आज अडकते ती आडव्या लावलेल्या गाड्यांमुळे. मोकळ्या गल्लीतून ती जाईल, आणि अडथळा बाजूला करायला तिथे माणूस असेलच. फाटकासमोरच्या दुकानातून वह्या आणि पेप्सीकोला घेणारी मुले चालतच येतात. "परदेशी नवे खूळ" म्हणावे, तर इटलीतल्या बोल्झानो शहरात ही पद्धत १९८९ पासून आहे. आणि आपल्याकडे जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा मिरवणुकीच्या मार्गावर गाड्या थांबतातच की.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल, तर त्याची अधिसूचना राजपत्रात काढणेही बंधनकारक नसते, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. पालकसभेने मागितला आहे तो एकच महिना, आणि तोही शाळा सकाळच्या सत्रात भरते त्या मार्चमधला, म्हणजे उन्हाचे कारणही उरत नाही. हे सगळे मी बहिणीला सांगितले. उद्यापासून आजोबांबरोबर पाठवते म्हणाली, पण आजोबांना फाटकापर्यंत नको, कोपऱ्यापर्यंतच जाऊ दे, असेही म्हणाली. फाटकाशी गाड्या फार असतात.