तबकडीची मनोभावे सेवा कशी करावी

उपग्रहावरून येणारे इंटरनेट घेण्याचे आपण ठरवले आहे, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. रस्त्याकडेने पुरलेल्या केबली आणि मोबाइलचे मनोरे यांवर विसंबून राहण्याचे दिवस आता संपले. मात्र एक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. जाहिरातींत डोंगरमाथ्यावर एक तंबू असतो, तंबूपुढे हसतमुख कुटुंब असते आणि बाजूला उपग्रहाशी संपर्क ठेवणारी एक पांढरी तबकडी निमूटपणे त्या कुटुंबाची सेवा करत असते. या चित्रातील सर्व वस्तू खऱ्या आहेत, फक्त सेवा कोण कोणाची करतो याबाबत चित्रकाराची थोडी गल्लत झाली आहे. मालकीण तबकडी आहे. आपण नुकतेच तिच्या चाकरीत रुजू होत आहात, आणि या चाकरीच्या रीतिरिवाजांची ओळख करून देण्यासाठीच हा लेख आहे.

सर्वप्रथम कोणत्या घराण्याची तबकडी आणायची, हे ठरवावे लागेल. जुने घराणे भूस्थिर उपग्रहांचे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने तिच्याभोवती फिरतो, त्यामुळे तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. अशा कक्षेतून जगभर संदेश पोहोचवता येतील, हे विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते. या घराण्याची तबकडी एकदा उपग्रहाकडे तोंड करून पक्की बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. अडचण एवढीच की आपला प्रश्न वर जाऊन खाली उतरायचा आणि त्याचे उत्तर पुन्हा वर जाऊन आपल्याकडे यायचे, म्हणजे साधारण १,४३,००० किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम होतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि यंत्रांचा वेळ धरला तर त्याहून अधिक. ऑनलाइन बैठकीत यामुळे दोन्हीकडची माणसे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, ‘बोला, बोला’ म्हणतात आणि पुन्हा एकदमच बोलू लागतात. पण ही सोय आहे, दोष नव्हे. प्रत्येक प्रश्नावर क्षणभर विचार करूनच बोलणारी व्यक्ती अशी आपली ख्याती होते, आणि ती टिकवण्यासाठी विचार करण्याचीही गरज पडत नाही.

नवे घराणे घाईचे आहे. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेने मे २०१९ मध्ये आपल्या पहिल्या ६० उपग्रहांची तुकडी सोडली, आणि आज असे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतात. पृथ्वीची एक फेरी ते साधारण दीड तासात पूर्ण करतात. अंतर कमी असल्यामुळे उत्तर येण्यास लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजण्याइतका राहतो आणि विचारवंत म्हणून मिळालेली आपली ख्याती त्याच दिवशी संपुष्टात येते. मात्र असा प्रत्येक उपग्रह आपल्या डोक्यावर जेमतेम काही मिनिटे असतो. तो गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. तबकडीच्या पोटातील शेकडो छोटे अँटेना जागच्या जागी आपल्या लहरींची शलाका वळवून एकाचा हात सोडतात आणि दुसऱ्याचा धरतात. या अखंड लगबगीसाठी तिला आकाशाचा एखादा कोपरा पुरत नाही. शंभराहून अधिक अंशांचा, भल्यामोठ्या नरसाळ्यासारखा पसरलेला मोकळा भाग लागतो. तो मिळवून देणे हे आपले पहिले कर्तव्य होय.

हे कर्तव्य गच्चीवर सुरू होते. कंपनीचे ॲप उघडावे, मोबाइल आभाळाकडे धरावा आणि मान मागे टाकून हळूहळू गोल फिरावे. शेजारी पाहत असतील तर पाहू द्यावे. ॲप थोड्या वेळाने आपल्यापुढे आकाशाचा घुमट रेखाटील आणि त्यावर कोठेतरी लाल डाग दाखवील. ते आपले झाड. आजवर त्या झाडाने आपल्याला सावली दिली, पाखरे दिली, आणि यांपैकी कशाचीही तक्रार आपण केली नव्हती. आता मात्र त्याची एक फांदी नेमकी उपग्रहांच्या वाटेत आली आहे, हे सिद्ध झाले आहे. फांदीमागून उपग्रह जाताना जोडणी दोन-तीन सेकंद तुटते. चित्रपट पाहणाऱ्याला हे कळतही नाही, कारण पुढची काही मिनिटे आधीच उतरवून ठेवलेली असतात. कळते ते प्रत्यक्ष बोलणाऱ्याला. तीन सेकंदांत फारसे काही बुडत नाही, हे खरे. वाक्यातील ‘नाही’ तेवढे बुडते, आणि आपण ज्या कामाला नकार दिला त्या कामाचे प्रमुख म्हणून आपली नियुक्ती झाल्याचे पत्र संध्याकाळी येते.

झाड लगेच तोडू नये. ते असंस्कृतपणाचे दिसते. आधी आठवडाभर घरात त्या झाडाविषयी काळजीच्या सुरात बोलत राहावे. वाऱ्यात ते जरा जास्तच हलते, खोड आतून पोकळ वाटते, मुळे पायापर्यंत आली असावीत. ज्यांनी ते लावले त्यांच्याविषयी आदर व्यक्त करून मगच कुऱ्हाडीचा विषय काढावा. पानगळीच्या दिवसांत तबकडी बसवून ‘झाडाचा काही त्रास नाही’ असे जाहीर करणाऱ्यांना हा सर्व विधी नवी पालवी फुटल्यावर करावा लागतो, एवढाच काय तो फरक. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकचे जाळे अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे सुमारे अडीच तास मोठ्या प्रमाणावर बंद पडले होते. त्या अडीच तासांत जगभर किती निरपराध झाडांकडे संशयाने पाहिले गेले असेल, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

पावसाबाबत तबकडीशी वाद घालू नये. या सेवांच्या लहरींची लांबी सेंटिमीटरच्या हिशेबातली असते, आणि मुसळधार सरीतले थेंब त्या लहरी शोषतात, विखुरतात. त्यामुळे जोराचा पाऊस येणार आहे का हे इंटरनेटवर पाहण्याची सर्वोत्तम वेळ म्हणजे तो पडून गेल्यानंतरची. बर्फाची सोय मात्र चांगली आहे. तबकडी स्वतःला गरम करून आपल्यावरचा बर्फ वितळवते, अर्थात जादा वीज खाऊन. ही ऊब माणसांआधी मांजरांनी ओळखली. थंडीत एका तबकडीवर दाटीवाटीने बसलेल्या पाच मांजरांचे छायाचित्र २०२२ च्या सुरुवातीला जगभर फिरले होते. या सेवेचा निर्भेळ आनंद घेताना दिसलेले ते माझ्या पाहण्यातले एकमेव ग्राहक.

घरातल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख करून पुढे जातो. बऱ्याचदा अनेक ग्राहकांचा मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची ओळख सांगणारा क्रमांक, असतो आणि तो ज्या शहरात उपग्रहाची वाट जमिनीवरच्या जाळ्याला मिळते त्या शहराचा असतो. म्हणून दूर रानात बसलेल्या आपल्याला संकेतस्थळे शेकडो किलोमीटरवरच्या शहरातले हवामान आणि तिथल्या दंतवैद्यांच्या जाहिराती दाखवतात. गावापासून दूर जाण्याची हौस भागली नसेल तर ती इथे भागते.

आता प्रवासाकडे वळू. पूर्वी तंबूची जागा निवडताना माणसे पाणी, सावली, सपाट जमीन आणि वाऱ्याचा आडोसा पाहत असत. हे सर्व निकष आता रद्द समजावेत. जागेला एकच गुण हवा, तो म्हणजे वर काहीही नसणे. दाट झाडीतली थंडगार जागा, उंच कड्याचा आडोसा, अरुंद दरीतला ओढा, ज्यांच्यासाठी माणूस घर सोडतो त्या सर्व जागा तबकडीला नापसंत असतात. तिला उघडे माळरान आवडते. तेव्हा तिला माळावर ठेवून आपण सावलीत बसण्याचा मधला मार्ग निघतो आणि त्यासाठी पंधरा मीटर लांबीची केबल पेटीत दिलेली असते. ही केबल दिवसा सर्वांना दिसते. रात्री ती फक्त एकाच माणसाला सापडते, तो लघुशंकेसाठी उठलेला, बॅटरी विसरलेला आणि अनवाणी असतो. पायाच्या अंगठ्याभोवती केबलचा वेढा पडतो, तो माणूस आडवा होतो, तिकडे माळावर तबकडी तोंडावर पडते, आणि तंबूतून येणारा पहिला आवाज ‘लागलं का रे?’ असा नसून ‘नेट का गेलं?’ असा असतो. पडलेला मनुष्य मीच होतो, त्यामुळे शब्दांबाबत माझी खात्री आहे.

विजेच्या प्रश्नावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण उत्साही मंडळी इथेच फसतात. लहान आकाराची प्रवासी तबकडी एक किलोपेक्षा किंचित जड असते, आणि ती पाठपिशवीत मावते हे पाहून माणूस भारावतो. भार पुढे येतो. मोठी तबकडी साधारण ७५ ते १०० वॅट खाते, लहान २५ ते ४० वॅट. आपल्याकडे १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आहे असे धरू. तिच्यात १,२०० वॅट-तास वीज असते, पण ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे उरले ६००. मोठी तबकडी त्यावर सहा ते आठ तास चालेल आणि मध्ये इन्व्हर्टर असेल तर त्याहूनही कमी. लहान तबकडी ३० वॅटच्या हिशेबाने वीस तास काढील. अशा बॅटरीचे वजन पंचवीस-तीस किलो भरते. एक किलोच्या तबकडीची पालखी उचलण्यासाठी एवढे भोई लागतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. सौर पॅनेल नेल्यास हा प्रश्न सुटतो असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की १०० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हातही दिवसाला चार-पाचशे वॅट-तासांच्या आसपास देते आणि लहान तबकडी अहोरात्र चालू ठेवली तर ७२० मागते. शिवाय पॅनेलला ऊन हवे, तबकडीला आकाश हवे आणि आपल्याला सावली हवी. या तिघांत माघार कोणी घ्यायची, हे आतापर्यंत आपल्या लक्षात आलेच असेल. रात्री तबकडी बंद करून वीज वाचवावी, असा एक अव्यवहार्य सल्लाही काही जण देतात. रात्री तबकडी बंद केली तर शेकोटीभोवती बसून एकमेकांशी बोलावे लागेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

बोलायचेच असेल तर त्याचीही सोय आहे. दहा पावलांवरच्या दुसऱ्या तंबूत मुलगी बसली आहे आणि तिला ‘जेवायला ये’ असे सांगायचे आहे. हाक मारू नये. संदेश पाठवावा. तो ५५० किलोमीटर वर उपग्रहाकडे जाईल, तेथून कुठल्यातरी भूस्थानकावर उतरेल, दूरच्या संगणकांतून फिरून पुन्हा वर चढेल आणि तिच्या हातातल्या फोनवर येऊन थांबेल. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणारा निदान गावातच राहत असे. उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र येईल. मुलगी येणार नाही.

सीमेपलीकडे जाणार असाल तर लक्षात घ्यावे की उपग्रहाला देशांच्या सीमा दिसत नसल्या तरी परवानग्या देणाऱ्या सरकारांना त्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक देशाची मान्यता वेगळी असते, आणि तबकडीला ती कोठे आहे हे पक्के ठाऊक असल्यामुळे मान्यता नसलेल्या देशात ती आपल्याला ओळखही दाखवत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे घरच्यांनी विचारल्यास ‘सुरक्षिततेसाठी’ असे गंभीरपणे सांगावे. या उत्तरापुढे सहसा कोणी बोलत नाही. मात्र त्या वेळी खोलीत एखादा अनुभवी गिर्यारोहक नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण तो खिशातून मुठीएवढे आणीबाणीचे बीकन काढून दाखवील. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे हे उपकरण कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेमार्फत शोध आणि बचाव पथकांना आपला ठावठिकाणा कळवते, त्याला मासिक वर्गणी पडत नाही, आणि ही यंत्रणा १९८२ पासून माणसे वाचवत आली आहे. काही नव्या मोबाइलांतूनही आता संकटकाळी थेट उपग्रहाकडे संदेश जातो. अशा वेळी आपण गडबडून जाऊ नये. त्या बीकनचे बटण दाबले तर फक्त माणसे वाचवायला येतात, मालिकेचा पुढचा भाग येत नाही, हा त्यातील मूलभूत दोष शांतपणे निदर्शनास आणून द्यावा.

शेवटी रात्रीविषयी. शहराच्या उजेडापासून दूर आल्यावर आकाश असे काही उघडते की आपण चार्जर शोधायचे विसरून क्षणभर वर पाहत राहतो. नव्याने सोडलेल्या उपग्रहांची तुकडी जात असेल तर ताऱ्यांमधून सरळ रेषेत सरकणारी ठिपक्यांची माळही दिसते. याच उपग्रहांच्या रेघा दुर्बिणींच्या छायाचित्रांत उमटतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ तक्रार करत आहेत. ती माळ पाहण्यासाठी आपले धाकटे मूल तंबूतून पळत बाहेर येईल, माळावर सर्वांत मोकळे आकाश कोठे आहे ते बरोबर हेरील आणि तबकडीला अगदी खेटून उभे राहील. ॲपवर त्याच क्षणी अडथळ्याची सूचना येईल. मुलाला हळू आवाजात, न रागावता, थोडे बाजूला सरकायला सांगावे.