पाच लाख डॉलरची अर्धवट वाचलेली अट

न्यू जर्सीतल्या आपल्या दुकानदार मंडळींत एक मेसेज फिरतोय: “वर्षाचा धंदा पाच लाख डॉलरच्या आत असेल तर फेडरल मिनिमम वेज लागू नाही. पगार मालक ठरवेल तो.”

आकडा खरा आहे. 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमध्ये, म्हणजे किमान वेतन ठरवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय (फेडरल) कायद्यात, अशी मर्यादा आहे. पुढचं मात्र कुणी वाचलेलं दिसत नाही.

मुळात धंदा म्हणजे नफा नव्हे, गल्ला. भाडं, माल, वीजबिल काही वजा करायचं नाही. वेगळा दाखवलेला सेल्स टॅक्स तेवढा सोडा. रोज 1,400 डॉलरचा गल्ला आणि बारा महिने दुकान उघडं, की पाच लाख झालेच. दुसरं दुकान बायकोच्या नावावर केलं, पण कारभार एकच, तर दोन्ही गल्ले एकत्र धरले जाऊ शकतात.

खरी मेख पुढेच आहे. दुकान कायद्याबाहेर राहिलं, तरी त्यात राबणारा माणूस आत येऊ शकतो. समजा, फराळाचा छोटा व्यवसाय आहे, वर्षाला तीन लाखांचा. मागच्या खोलीत एक ताई रोज चकल्या डब्यांत भरते, टेप मारते, पेनसिल्व्हेनियाची, टेक्सासची लेबलं चिकटवते. माल राज्याबाहेर चाललाय, म्हणून तिला तासाला किमान 7.25 डॉलर आणि आठवड्याच्या 40 तासांपुढे दीडपट द्यावेच लागतात. ती खोली झाडणाराही त्यात येतो! एखादंच पार्सल कधीतरी गेलं तर गोष्ट वेगळी.

मग सुटतं कोण? कोपऱ्यावरच्या छोट्या खाणावळीत फक्त भांडी घासणारा कदाचित सुटेल. पण तिथे राज्याचा कायदा उभाच आहे. न्यू जर्सीत सहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकालाही 2025 मध्ये तासाला 14.53 डॉलर द्यावे लागत होते, म्हणजे फेडरल दराच्या दुप्पट. पळवाट सापडून मालकाच्या हाती काय लागलं? अलाबामा, टेनेसीसारख्या राज्यांचा स्वतःचा किमान वेतन कायदाच नाही. तिथे मेसेज थोडाफार खरा ठरेल, पण तो फिरतोय न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये.

शाळा, हॉस्पिटल, नर्सिंग होमला तर पाच लाखांची ही मर्यादा लागूच नाही; गल्ला कितीही असो, फेडरल कायदा लागू. आणि घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी? घराला कसला गल्ला, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्या एका घरी किंवा चार घरी मिळून आठवड्याला आठ तासांहून जास्त काम करत असतील, तर 7.25 चा दर त्यांनाही लागू आहे.