एकाच मोठ्या तळ्याने पावसाचं पाणी आवरत नाही

‘प्लॉटच्या खालच्या टोकाला एक मोठं साठवण तळं खणा आणि पाणी हळूहळू सोडा. जिरवणारे वाफे ही नुसती शोभा आहे. जोराच्या पावसात ते भरून वाहतात, चिकणमातीत चालत नाहीत आणि दोन वर्षांत बुजतात.’ बांधकामाच्या जागेवरच्या पाण्याबद्दल हा सल्ला सर्रास फिरतो आहे. जिरवणारे वाफे म्हणजे छताचं पाणी अडवून जमिनीत मुरवणारे खोलगट वाफे.

आधी तळ्याचं बघू. तळं पाण्याचा लोंढा आवरतं, पण पाणी कमी करत नाही. छपरं आणि डांबर आल्यावर जे जास्तीचं पाणी तयार होतं, ते सगळं शेवटी ओढ्यातच जातं, फक्त कित्येक तास लांबून. तेवढा वेळ काठ खरवडले जातात. शिवाय एका प्लॉटचं उशिरा सुटलेलं पाणी वरून येणाऱ्या ओढ्याच्या पुरात नेमकं मिसळलं, तर खालचा पूर वाढूही शकतो.

वाफे शोभेचे आहेत का, ते हिशेबानेच ठरवावं. १,००० चौरस मीटर छतावर २५ मिलीमीटर पाऊस पडला, तर छतावरच अडणारं दहाएक टक्के वगळून सुमारे २२,५०० लिटर पाणी पन्हळीतून खाली येतं. ६० चौरस मीटरच्या वाफ्यात १५ सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तर ९,००० लिटर मावतं. खाली ७५ सेंटीमीटर रेताड माती आणि तिच्यात ३० टक्के पोकळी धरली, तर आणखी १३,५०० लिटर. छताच्या सहा टक्के जागेत सगळं पाणी बसलं. खालची जमीन ताशी १३ मिलीमीटर पाणी पीत असेल, तर वाफा साधारण २९ तासांत रिकामा होतो, म्हणजे डासांची पैदास होण्याच्या आत.

जोराच्या पावसात वाफा भरून वाहतो हे खरं आहे. म्हणूनच त्याला सांडवा ठेवतात. पुरासाठी तळं लागलंच, तरी ते लहान पुरतं.

चिकणमातीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. कित्येकदा जमीन मुळात चिकण नसते, रोलर आणि डंपर फिरून ती दाबली गेलेली असते. जिरवण्याची जागा काम सुरू होण्याआधीच कुंपण घालून राखावी. खड्डा वाफ्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खणून, आधी भिजवून मग पाझर मोजावा. तो कमी भरला, तर खडीच्या थरात छिद्रांचा पाइप टाकावा, मात्र तळापासून थोडा वर, म्हणजे खालचं पाणी जिरत राहतं.

बुजण्याचं मुख्य कारण कामाचा क्रम चुकणं हे आहे. वाफा आधी तयार होतो आणि उघड्या मातीचा गाळ पुढचे कित्येक महिने त्यात उतरत राहतो. वरच्या उतारावर गवत धरल्यावरच वाफ्यात माती भरावी. माती आणि खडी यांच्यामध्ये जाळीचं कापड घालू नये, तेच आधी तुंबतं. बारीक खडीचा थर द्यावा.

नियमांनीही इथूनच सुरुवात करायला हवी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २००७ च्या कायद्यात जागेच्या निसर्गाला धरून केलेली आखणी शक्य तिथवर सक्तीची केली. विकसित जागेवरून वाहणारं पाणी चांगल्या जंगलाइतकंच असावं, हे त्यामागचं लक्ष्य. नकाशावर ओढे, तीव्र उतार, झाडं आणि पाणी पिणारी जमीन आधी आखून मगच इमारती बसवायला लावाव्यात. आणि पाण्याने भरलेला वाफा ४८ तासांत रिकामा झाल्याचं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये.