आंत्रपुच्छदाह कोणाला होतो?

मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. तेव्हापासून ‘डॉक्टरकी मराठीतून का नको?’ हा वाद आपल्याकडेही अधूनमधून डोकं वर काढतो. त्यात जर्मनीचं नाव हमखास निघतं: तिकडे बघा, सगळं मातृभाषेत! जर्मनीतल्याच एका रुग्णालयात नोकरी करताना मला हा दाखला अर्धाच खरा वाटतो.

जर्मन डॉक्टर आपसात ‘अपेंडित्सीटिस’ म्हणतात, म्हणजे ग्रीक-लॅटिनच. रुग्णाच्या खाटेपाशी गेले की त्याचंच ‘ब्लिंडडार्म’ची सूज होतं. ब्लिंडडार्म म्हणजे आंधळं आतडं, मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी. सूज खरं तर तिला नसते, तिला लोंबणाऱ्या शेपटीला असते. म्हणजे शब्द शरीररचनेच्या हिशेबात चुकीचा, तरी सगळ्या देशाला कळतो. आपला कोशातला ‘आंत्रपुच्छदाह’ अगदी बिनचूक आहे. पण तो झालेला माणूस मला अजून भेटायचाय. आपल्याकडे लोकांना ‘अपेंडिक्स’ होतं.

प्राणवायूचंही तसंच. आम्लं याच वायूमुळे बनतात अशा समजातून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं त्याला ‘ऑक्सिजन’ म्हटलं, आणि जर्मनांनी त्याचं सरळ ‘झाउअरश्टोफ’, आंबट द्रव्य, करून टाकलं. पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच हे सिद्ध झालं. नाव कोणी बदललं नाही.

परदेशी डॉक्टरला इथे परवान्याआधी वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. वीस मिनिटं रुग्णाशी बोलायचं, वीस मिनिटं अहवाल लिहायचा, वीस मिनिटं दुसऱ्या डॉक्टरला केस सांगायची. पहिल्या भागात लॅटिन चालत नाही, तिसऱ्यात त्यावाचून चालत नाही. २०१३च्या रुग्णहक्क कायद्यानुसार उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशीच द्यावी लागते. तरी सगळं आलबेल नाही. ड्रेस्डेनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये ‘वास हाब इश’, म्हणजे ‘मला काय झालंय’, नावाचा उपक्रम काढला: लोकांचे अहवाल साध्या जर्मनमध्ये फुकट उलगडून द्यायचे. जर्मनाला जर्मन अहवाल कळत नव्हता, म्हणूनच ना?

आपण मात्र भांडतोय वर्गातल्या पुस्तकावरून. खाटेपाशी लागणारे शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू बघा. जर्मन त्यांना करडा ‘श्टार’ आणि हिरवा ‘श्टार’ म्हणतो, आपले शब्द त्याहून देखणे. अर्धशिशीत अर्धं डोकं आहे, ‘मायग्रेन’च्या ग्रीक मुळातही तेच. हिवतापात रोगाचं लक्षण आहे, ‘मलेरिया’त नुसती खराब हवा, आणि डॉक्टर रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला खरा गुन्हेगार, डास, पकडल्यावर तीही निर्दोष ठरली.

लोकांचे शब्द नेहमी भलंच करतात असं नाही. ‘नागीण’ म्हटलं की तिची तोंडं जुळली तर माणूस जातो, ही भीती सोबत येते. जर्मनमध्ये तिला ‘कमरपट्ट्याचा गुलाब’ म्हणतात. पुरळ तितकंच, दुखणं तितकंच. पण शब्द टाकून ‘हर्पिस झोस्टर’ म्हटल्यानं भीती जात नाही. नागीण म्हणूनच ती विषाणूमुळे होते हे सांगावं लागतं.

एमबीबीएसचं पुस्तक इंग्रजीत राहिलं तरी माझी तक्रार नाही. शस्त्रक्रियेआधी सही घेतात तो संमतीचा कागद आणि घरी सोडताना देतात तो कागद, एवढे दोन आधी मराठीत करा, आणि त्यात ‘आंत्रपुच्छदाह’ लिहू नका.