‘प्रतिकारशक्ती वाढवा, प्रोस्टेटचा कर्करोग घालवा’: एका दाव्याचा प्रतिवाद

‘प्रोस्टेटचा कर्करोग प्रतिकारशक्ती घटल्यामुळे होतो, पूरक गोळ्यांनी ती वाढवली की गाठ विरते, आणि पीएसए उतरला म्हणजे गुण आला,’ असा संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. (प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; पीएसए हे तिच्यात तयार होणारे आणि रक्तात मोजले जाणारे प्रथिन.)

पहिले विधान कारणाविषयीचे आहे. ते खरे असते, तर अवयव-प्रत्यारोपणानंतर वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या पुरुषांत हा आजार सर्रास दिसला असता. त्यांच्यात लिम्फोमा (लसिका-संस्थेचा कर्करोग) आणि त्वचेचे कर्करोग वाढतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र लक्षणीय वाढलेले आढळत नाही.

खरी अडचण ताकदीपेक्षा ओळख पटण्याची आहे. या गाठींत जनुकीय बदल सहसा कमी असतात, त्यामुळे टी-पेशींना (बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशींना) परकी वाटतील अशी प्रथिनेही मोजकीच तयार होतात. शिवाय अनेक गाठी ती प्रथिने पृष्ठभागावर मांडणारी यंत्रणाच मंदावतात आणि भोवती जमलेल्या काही मायलॉइड पेशी टी-पेशींना आवरून धरतात. या पेशीदेखील प्रतिकारयंत्रणेच्याच आहेत, तेव्हा ‘वाढवायचे’ ते नेमके काय, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना तारणारे, टी-पेशींवरचा लगाम सैल करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध प्रोस्टेटच्या बहुतेक रुग्णांत निष्प्रभ ठरते ते याच कारणांमुळे. ज्यांच्या गाठीत डीएनएतील चुका दुरुस्त करणारी एक विशिष्ट यंत्रणा बिघडलेली असते, अशा सुमारे ३ टक्के रुग्णांना त्याचा लाभ होण्याची शक्यता अधिक असते.

पूरक गोळ्यांचे उत्तर थोडक्यात देता येते. ३५,००० हून अधिक पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीत, २०११च्या निष्कर्षांनुसार, केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्के अधिक आढळला.

उरला पीएसए. अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेल्या सिप्युल्यूसेल-टी या उपचारात रुग्णाच्या रक्तातील पेशी बाहेर काढतात, प्रोस्टेटमधील एका प्रथिनाची त्यांना ओळख करून देतात आणि त्या परत शरीरात सोडतात. हार्मोन-उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात त्यामुळे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगतात तो) २१.७ वरून २५.८ महिन्यांवर गेले, पण बहुतेकांचा पीएसए उतरला नाही. उलट, प्रोस्टेटच्या जंतुसंसर्गाने चढलेला पीएसए संसर्ग ओसरल्यावर उतरतो, मग त्या काळात रुग्णाने कोणतीही गोळी घेतलेली असो.