नैतिक क्षमतेच्या चाचणीविषयी खुलासा

पुण्यातील शासकीय कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर असा संदेश फिरत आहे की, नैतिक क्षमतेच्या लेखी चाचणीतून भ्रष्ट कर्मचारी ओळखता येतो आणि कमी गुण मिळाल्यास नोकरी जाते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. अशा चाचण्यांपैकी एक परिचित चाचणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९७०च्या दशकात तयार केली; तिच्यात पेचाचे प्रसंग देऊन, निर्णय घेताना कोणता मुद्दा किती महत्त्वाचा वाटतो, हे मुख्यतः विचारले जाते. खुद्द रेस्ट यांनीच नैतिक वर्तनाचे चार घटक मानले होते: पेच जाणवण्याची संवेदनशीलता, योग्य-अयोग्याचा निवाडा, नैतिक प्रेरणा आणि दबावातही टिकणारा निर्धार. ही चाचणी त्यांपैकी केवळ निवाडा मोजते. त्यामुळे लाच घेणारा माणूसही तिच्यात उत्तम गुण मिळवू शकतो, आणि ही मर्यादा प्रशिक्षण देणाऱ्यांनी आधीच स्पष्ट सांगायला हवी, असे मला आग्रहाने वाटते. नोकरीबाबत बोलायचे, तर राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याला, मोजके अपवाद वगळता, दोषारोप कळवून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार बडतर्फ करता येत नाही. चाचणीतील कमी गुण हा काही दोषारोप नव्हे.