कूलर, एसी आणि आईची खोली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एसीशिवाय उन्हाळा कसा काढावा, या माझ्या लेखावर आपण ठाण्याहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप असा, की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, माठ आणि गच्चीवरची झोप यांचे गोडवे गाताना मी एसी लावणाऱ्यांना चैनी ठरवले. सहाव्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या सासऱ्यांना सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी माझे ऐकले, तर ते सासऱ्यांच्या जिवावर बेतेल, असेही आपण म्हणता. यातला मोठा भाग मला मान्य आहे. जो मान्य नाही, त्याची कारणेही सांगतो.

मी नागपूरचा. कूलरबद्दल जे लिहिले ते इथल्या कोरड्या हवेपुरते खरे आहे, आणि नेमके तेवढेच सांगायचे राहून गेले. मे महिन्यातल्या दुपारी पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ओल्या ताटीतून आत येणारी हवा 28-29 अंशांपर्यंत उतरते, कारण कोरडी हवा ताटीतले पाणी शोषते आणि त्या बाष्पीभवनात तिची उष्णता खर्च होते. आपल्याकडे ठाण्याला 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. कूलर तिला तीन-चार अंशांनी जेमतेम उतरवील आणि खोलीत दमटपणा मात्र वाढवील. आमच्याकडेही मृगाच्या सरी येऊन गेल्या की हाच कूलर अंगाला नुसती चिकचिक देतो. तेव्हा ठाण्याच्या वाचकाला कूलरचा सल्ला देणे ही माझी सरळ सरळ चूक होती.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. माझ्या घरात एक एसी आहे, आणि ते मी लेखात लिहिले नाही. तो आईच्या खोलीत आहे. आई 81 वर्षांची आहे आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते. दोन वर्षांपूर्वी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी तीनच्या सुमारास मी तिच्या खोलीत गेलो, तेव्हा कूलरच्या टाकीतले पाणी संपले होते, ताट्या वाळून खडखडीत झाल्या होत्या आणि पंखा बाहेरची गरम हवा तिच्या अंगावर फेकत होता. ती पलंगावर बसून पदराने चष्मा पुसत होती. पुसून झाला की पुन्हा तोच चष्मा पुसत होती. हात धरला तर कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा टिपूस नाही. "दिवेलागण झाली का रे?" असे तिने विचारले. ओली चादर गुंडाळून तिला दवाखान्यात नेले आणि ती वाचली, पण त्या दिवसापासून मला पक्के ठाऊक आहे, की म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि हवा चाळिशीच्या पलीकडे गेली की नुसता पंखा अंग निववत नाही, उलट तापवतो. अशा माणसासाठी एसी औषधासारखाच आहे. हे सारे माहीत असून मी लिहिले नाही, याची मला खंत वाटते.

एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. प्रत्येक खोलीत एसी, हे उत्तर नव्हे. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालतो तेव्हा खोलीतली पाच किलोवॉटच्या वर उष्णता, शिवाय स्वतः खाल्लेली वीज, बाहेरच्या बोळात ओततो, आणि त्या बोळात खिडकी उघडी ठेवून झोपणारेही कुणी असतेच. शिवाय स्लॅब तसाच तापत राहतो. रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्या भिंतीला तळहात टेकवून पाहा. दिवसभराचे ऊन तिच्यातून अजून बाहेर पडत असते. आमच्या गच्चीला चुन्याचे हात दिले तेव्हा पहिल्या दिवशी निम्मेच काम झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अनवाणी वर गेलो, तर पांढऱ्या भागावर उभे राहता आले. उरलेल्या भागावर दोन पावलेही टाकवेनात. अहमदाबादने मे 2010 मधल्या जीवघेण्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यात पूर्वसूचना आणि दवाखान्यांची तयारी यांवर भर होता. पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे कामही तिथे हाती घेतले गेले. पत्र्याखाली राहणाऱ्याला एसी परवडत नाही, पण चुना परवडतो, आणि म्हणूनच मी त्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत राहीन.

आपल्या सासऱ्यांच्या खोलीत एसी जरूर लावा. जानेवारी 2020 पासून नवे एसी सुरू होतानाच 24 अंशांवर लागतात. आपल्याकडे 26-27 वर ठेवून वर पंखा मंद सुरू ठेवलात तरी भागेल, कारण तिथे खरा आराम हवा कोरडी होण्यातून मिळतो. खिडकी पश्चिमेला असेल, तर आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून ताडपत्री किंवा हिरवी जाळी लावा, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोहोचणार नाही. ते रक्तदाबाची गोळी घेत असतील, तर उन्हाळ्यात तिचे प्रमाण आणि पाणी किती द्यायचे, हे आजच त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी आईच्या बाबतीत हे विचारले नव्हते.

मूळ लेखात कूलरच्या परिच्छेदाआधी कोरड्या हवेची अट आणि आईच्या खोलीची हकिगत आज रात्रीच घालत आहे.